वारसा इमारतीत राहणाऱ्यांना कायदा पूर्ण सांगा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
तसेच मुंबई वारसा संवर्धन समितीचे मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य

सविनय नमस्कार.

मी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत भाडेकरू आहे. इमारत वारसा यादीत आहे, उपकरप्राप्तही आहे (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी), आणि रहिवासी मंडळाचा पत्रव्यवहार गेली बरीच वर्षे मी सांभाळते. हे पत्र यादीच्या विरोधात नाही. यादी राहावी आणि तिची अंमलबजावणी नीट व्हावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या लाकडी गॅलऱ्या, बिडाचे खांब, जिन्याच्या वळणावरची रंगीत काचेची तावदाने यांच्यावर माझा जीव आहे. मागणी एवढीच आहे की या घरांत जे राहतात त्यांना कायदा पूर्ण सांगा. ‘हे करू नका’ हा भाग नोटिशीतून आमच्यापर्यंत बरोबर येतो. दुरुस्ती कशी करायची, कोणाची सही लागते, निर्बंध घातल्यावर कायदा त्याबदल्यात काय देऊ करतो, हे मात्र शोधणाऱ्यालाच सापडते.

रंगापासूनच सुरुवात करते, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. १९९५ साली राज्य सरकारने मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आणला. रोजच्या वापरातल्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण देणाऱ्या देशातल्या पहिल्या नियमांपैकी तो एक. आज हा विषय २०३४ च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नियम ५२ खाली येतो. नियम ६७ ची भाषा स्पष्ट होती. यादीतल्या इमारतीत बांधकाम, भर, फेरफार, दुरुस्ती, नूतनीकरण, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे, गिलावा, पाडकाम, इतकेच काय रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करता येणार नाही.

आता आमच्या बाजूने बघा. मुंबईतल्या भाडेकरूला ‘टेनंटेबल रिपेअर’ हा शब्द पाठ असतो. गिलावा पडला, लादी उखडली, रंग गेला, तर अशा किरकोळ कामाला महापालिकेची परवानगी लागत नाही, हे त्याने वडिलांकडून ऐकलेले असते आणि साध्या इमारतीपुरते ते खरेही असते. दिवाळीच्या आधी तो गवंडी बोलावतो, सिमेंटचा गिलावा मारून घेतो, वरून प्लॅस्टिक पेंट देतो. आपल्या घराची निगा राखली एवढेच त्याच्या मनात असते. पण त्याच गल्लीत, चार घरे सोडून असलेली दुसरी इमारत यादीत नाही आणि आपली आहे, त्यामुळे आपल्याला वेगळा नियम लागू होतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. भाडेपावतीवर ते लिहिलेले नसते, प्रवेशद्वारावर नसते, उपकराच्या बिलावरही नसते.

आणि नियम बरोबर आहे, हेही मला आवर्जून सांगायचे आहे. रंगाला कसली परवानगी, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या मागच्या बाजूची भिंत दाखवते. या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. चुना ओल घेतो आणि ऊन पडले की सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी विटेत मुरते, क्षार फुलून वर येतात, वीट भुसभुशीत होते. वरून भिंत गुळगुळीत दिसते, पण बोटाच्या पेराने वाजवली तर पोकळ आवाज येतो. याहून मोठा धोका तुळईला. सागाच्या तुळईचे टोक भिंतीत वीतभर आत गेलेले असते. भिंत ओली राहिली की ते टोक आतल्या आत कुजते आणि खोलीत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेलाचा किंवा प्लॅस्टिकचा रंगही हेच करतो. म्हणजे नियमात रंगाचा उल्लेख आहे तो नुसत्या शोभेसाठी नाही. ही चार वाक्ये मराठीत छापून प्रत्येक यादीतल्या इमारतीच्या जिन्यात लावली असती, तर कितीतरी भिंती वाचल्या असत्या.

श्रेणींबद्दलही असेच अज्ञान आहे. ‘हेरिटेज’ म्हटले की लोकांना वाटते, आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही. प्रत्यक्षात तीन श्रेणींत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या वास्तू येतात. तिथे आत किंवा बाहेर हात लावायचा तो फक्त इमारत बळकट करण्यापुरता आणि तिचे आयुष्य वाढवण्यापुरता. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे २-अ आणि २-ब मध्ये, आतले बदल आणि नवा वापर यांना साधारणपणे मुभा असते, बाहेरच्या बदलांची मात्र छाननी होते. तिसऱ्या श्रेणीत महत्त्व असते ते रस्त्याच्या आणि वस्तीच्या एकूण रूपाला. तिथे आतून-बाहेरून बदल, वाढीव बांधकामसुद्धा होऊ शकते, फक्त ते परिसराशी जुळले पाहिजे. आमच्यासारख्या राहत्या इमारती बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या श्रेणीत आहेत. स्वयंपाकघराचा ओटा बदलायला किंवा घरात संडास-बाथरूम करायला यादीची आडकाठी असेलच असे नाही. पण आपली श्रेणी कोणती हेच माहीत नसल्यामुळे काही जण भीतीने वर्षानुवर्षे गळके छत सहन करतात आणि काही जण रात्रीतून नक्षीदार कठडा काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतात. या दोन्हींचे मूळ एकच आहे.

त्यात आणखी एक घोळ आहे तो शंभर मीटरचा. केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत नियंत्रण आले. पुण्यात शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना त्याचे चटके माहीत आहेत. पण तो कायदा वेगळा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांचा. महापालिकेच्या वारसा यादीतली इमारत ही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली येते. तिच्या शेजारच्या घराला शंभर मीटरचा नियम केवळ यादीमुळे लागत नाही. २०१२ साली महापालिकेने यादी वाढवण्याचा प्रस्ताव जाहीर केला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे काय होणार, ही त्यांची काळजी रास्त होती आणि तिला उत्तर मिळायला हवे होते. पण माझ्या ओळखीच्या दादरकरांशी बोलताना जाणवायचे की निम्मी भीती नियमाची होती आणि निम्मी ऐकीव गोष्टींची. यादी आधी आणि समजावणे नंतर, असा क्रम लावला की असेच होणार.

आता भाडेकरूच्या खास अडचणीकडे येते, कारण धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते असे मला वाटते. आमच्यावर एकाच वेळी एकाहून जास्त कायदे चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १६ प्रमाणे घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले तर भाडेकरूला बाहेर काढता येते. मात्र त्याच कलमात खुलासा आहे: महापालिकेची जिथे लागेल तिथे परवानगी घेऊन लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, हवेसाठी खिडकी, खोटे छत, एसी बसवणे, धुराडे अशी कामे कायमस्वरूपी बांधकामात धरली जात नाहीत. भाडेकरू हा खुलासा वाचतो आणि निश्चिंत होतो. ‘जिथे लागेल तिथे’ हे तीन शब्द यादीतल्या इमारतीत किती जड आहेत, हे त्याच्या लक्षात येत नाही. रस्त्याकडच्या भिंतीत नवी खिडकी पाडली तर भाडे कायद्याखाली त्याला कदाचित काही होणार नाही, पण नगररचना कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. विनापरवाना विकासकामाला कलम ५२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. शिवाय कलम ५३ ची नोटीस येऊन केलेले काम काढून पूर्ववत करावे लागते. सामान्य कुटुंबाला कैदेच्या नुसत्या उल्लेखाने झोप लागत नाही. आणि ज्याला कठडे उतरवून सारा दर्शनी भागच बदलायचा आहे, त्याला पाच हजार रुपये म्हणजे परांचीच्या भाड्याइतकेही नाहीत.

दुरुस्तीच्या खर्चाचे गणित तर त्याहून अवघड आहे. घरमालकाने जागा राहण्यायोग्य ठेवली पाहिजे, असे भाडे कायद्याचे कलम १४ सांगते. त्याने ठेवली नाही तर भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना २०० रुपये भाडे असेल तर वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६००. सहाशे रुपयांत चुन्याचा गिलावा सोडाच, गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघत नाही. इतकी वर्षे भाडी गोठल्यामुळे घरमालकाच्याही हातात दुरुस्तीपुरते पैसे येत नाहीत, हे मी भाडेकरू असूनही मान्य करते. मग इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाते. मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा असते आणि त्या मर्यादेत सागाची तुळई काढून लोखंडी गर्डर टाकणे, लाकडी गॅलरी काढून सिमेंटची ओतणे हेच बसते. जो तो आपापला नियम पाळतो आणि इमारतीचे ज्यासाठी यादीत नाव आहे ते हळूहळू निघून जाते.

याचा शेवट कसा होतो ते काळाघोड्याला जाऊन बघता येते. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात विलायतेत ओतलेले बिडाचे खांब आणि तुळया जहाजाने आणून इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र या देशात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांच्या छोट्या छोट्या कचेऱ्या झाल्या, पार्टिशने पडली, घरमालक आणि भाडेकरू यांचे जमले नाही. वारसा यादीत २-अ श्रेणी होती. तरी २००५ मध्ये दर्शनी बाल्कन्यांचा भाग कोसळला आणि माणूस दगावला. २००६ साठीच्या जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली आणि आयआयटीच्या अहवालाने तर पाडण्याचाच सल्ला दिला. एक वीट काढायला परवानगी लागते, पण वर्षानुवर्षे काहीच न करायला कोणाचीच परवानगी लागत नाही. नियमावलीत नियमित देखभाल ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. ती पार पाडली जाते की नाही हे पाहण्यासाठी समितीकडून कोणी पावसाळ्याआधी इमारतीत फिरून जावे, एवढे तरी व्हायला हवे.

धोकादायक इमारतींच्या बाबतीत तर माझी हात जोडून विनंती आहे. ३० वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे आणि ते असलेच पाहिजे, माणसाच्या जिवापेक्षा कुठलीही नक्षी मोठी नाही. पण रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल या चाचण्या काँक्रीटच्या आणि त्यातल्या सळ्यांच्या आहेत. विटा-चुन्याची भार घेणारी भिंत आणि सागाची तक्तपोशी यांची प्रकृती त्यातून कळत नाही. तुळईचे कुजलेले टोक कापून नवा तुकडा सांधता येतो, हे जाणणारा अभियंता आणि फक्त काँक्रीट तपासलेला अभियंता यांच्या अहवालात ‘दुरुस्ती’ आणि ‘सी-१’ (म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत) एवढे अंतर पडते. सी-१ चा शिक्का बसला, महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस लागली की घर रिकामे होते आणि यादीतले नाव नावापुरते उरते. यादीतल्या इमारतीला असा शिक्का बसण्याआधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याचे दुसरे मत घेणे बंधनकारक करा.

कायदा काय देतो, हेही लोकांना माहीत नाही. नियमांमुळे मालकाला आपला चटई क्षेत्राचा हक्क वापरता आला नाही, तर भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. वारसा जपायचा असेल तर इतर बांधकाम नियमांत सवलत देता येते, निवासी जागेचा काही वेगळा वापरही करता येतो. दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारून तो आयुक्तांनी समितीच्या सल्ल्याने वापरावा, असेही नियम ६७ मध्ये लिहिले होते. पाडकाम किंवा मोठा फेरफार असेल तर लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या. समितीची शिफारस डावलायची असेल तर आयुक्तांनी कारणे लेखी नोंदवायची, आणि तो अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा नाही. इतका विचार करून लिहिलेला नियम आहे हा. मात्र टीडीआर जातो मालकाकडे. निर्बंध पाळत आत राहणाऱ्या भाडेकरूच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. टीडीआरच्या रकमेतला ठरावीक भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीत घातल्याशिवाय पुढची परवानगी मिळणार नाही, अशी अट असली पाहिजे आणि तिचा हिशेब रहिवाशांना मिळाला पाहिजे. दुरुस्ती निधीत आज किती रक्कम आहे आणि खासगी, भाडेकरूंनी भरलेल्या इमारतींना त्यातले किती मिळाले, तेही जाहीर करा.

इंग्लंडमध्ये, जिथून ही श्रेणींची पद्धत आली, यादीतल्या इमारतीत विनापरवाना फेरफार करणे हा सरळ गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेला बदलसुद्धा नव्या मालकाला निस्तरावा लागू शकतो. कायदा आपल्यापेक्षा कठोरच आहे. पण तिथली राष्ट्रीय यादी कोणालाही घरबसल्या पाहता येते, प्रत्येक इमारतीच्या नोंदीत तिची श्रेणी आणि वर्णन असते, आणि जशी वस्तू होती तशीच, त्याच साहित्याने केलेल्या दुरुस्तीला बहुधा वेगळी संमती लागत नाही. कडकपणा आणि स्पष्टपणा एकत्र नांदू शकतात.

आपल्या महापालिकेला हे जमणार नाही असे मी मुळीच मानत नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचेच. १८७२ साली सुरू झालेली ती वास्तू पार रया गेलेल्या अवस्थेत होती. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचे काम केले, युनेस्कोचा सन्मान २००५ मध्ये मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडले. छताचा सोनेरी मुलामा, बिडाचे खांब, लाकडी कपाटे बघायला मी भाच्यांना घेऊन गेले होते. त्या कामातली माणसे, तंत्र, चुन्याची जाण या शहरात आहे. ती संग्रहालयांपुरती न राहता आमच्या जिन्यापर्यंत आली पाहिजे.

म्हणून यादीतल्या प्रत्येक इमारतीच्या मालकाला आणि प्रत्येक भाडेकरूला एक मराठी पत्र पाठवा. इमारतीची श्रेणी कोणती, तिच्यातले जपायचे भाग नेमके कोणते, आत काय करता येते, बाहेर कशाला परवानगी लागते, अर्ज कुठे द्यायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे त्यात असावे. प्रवेशद्वारावर श्रेणीची पाटी लावा. त्याच आकाराचा, त्याच लाकडाचा कठडा, चुन्याच्या जागी चुना, कौलाच्या जागी कौल, अशा जशास तशा दुरुस्तीला विभाग कार्यालयातच फोटो आणि साधा अर्ज घेऊन आठवडाभरात मंजुरी मिळावी, म्हणजे पावसाच्या तोंडावर लोक चोरून सिमेंट मारणार नाहीत. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या, आणि काय केले तर मंजूर होईल तेही लिहा. ज्या रहिवाशांना वास्तुविशारदाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी समितीच्या नावाने महिन्यातून एक दिवस सल्ल्यासाठी ठेवा. मुंबईत या विषयाची महाविद्यालये आणि विद्यार्थी आहेत, ते आनंदाने येतील.

मोठ्या फेरफाराच्या प्रस्तावावर हरकती मागवताना ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात न राहता इमारतीच्या दारावरही मराठीत लागावी, ही शेवटची विनंती. त्या घरात राहणाऱ्याला आपल्याच भिंतीबद्दलची बातमी शेजाऱ्याकडून कळू नये.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे. रहिवासी मंडळाच्या पुढच्या सभेत ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे.

आपली विश्वासू,
गिरगावातल्या एका वारसा इमारतीतील भाडेकरू